बागेतून जाणारी रेघ

"पुन्हा मिठाई?" फुसाएने खोका मागे सरकवला. "साहेब, आमची बाग काय गोड चारून मिळणार आहे?"

रेल्वेच्या जमीनखरेदीचे अधिकारी कुवाबारा चटईवर गुडघे दुमडून बसले होते. त्यांनी मान खाली घातली. नव्या वेगवान गाडीच्या मार्गाची रेघ ओदावाराच्या टेकडीवर, फुसाएच्या वडिलांच्या संत्र्यांच्या बागेतून गेली होती. संमतीच्या कागदावर सहीच्या जागी मालकाचा शिक्का उमटेपर्यंत घरी येत राहायचं, वाकून नमस्कार करायचा, चहा पिऊन परत जायचं, ही त्यांच्या कामाची रीतच होती.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते येत. म्हणून त्या दिवशी फुसाएही तोक्योहून येई. बाबांना एकटं गाठून फसवतील, असं म्हटलं की सासूबाईंना अडवता येत नसे.

"जुना मार्ग पार तुंबलाय," कुवाबारा म्हणाले. "मालगाड्या खोळंबतात, रस्त्यावर ट्रकांची रांग हलत नाही. तुम्हीसुद्धा आज उभ्यानेच आला असाल."

"आले. आणि उभ्यानेच जाईन. पण कुणाला ओसाकाला लवकर पोचायचंय, म्हणून बाबांनी हाताने लावलेली झाडं तोडू देणार नाही!"

तिचे वडील, गेन्झाबुरो, संत्रं सोलता सोलता हसले. "ऐकलंत, कुवाबारा? लग्नाआधी हिला एवढा आवाज नव्हता."

"हसताय काय बाबा! तो शिक्का आधी माझ्याकडे द्या."

"असू दे गं. पुढच्या महिन्यात परत भांड."

त्याच आठवड्यात गेन्झाबुरो बागेत कोसळले. कुणी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

पहिला रविवार आला, आणि काळा टाय लावून कुवाबाराही आले. त्यांनी पितरांच्या देव्हाऱ्यासमोर उदबत्ती लावली. त्यांचे जोडलेले हात खाली येताच फुसाए कडाडली.

"आता सोपं झालं ना साहेब? मालकच गेला. एका म्हाताऱ्याच्या मानगुटीवर बसलात तुम्ही. शेवटपर्यंत त्यांना चैन पडू दिली नाहीत! आज रिकाम्या हाती जायचं. शिक्का मी देणार नाही. पोलीस आणा, नाहीतर कुऱ्हाडी आणा."

कुवाबारांनी कपाळ चटईला टेकवलं.

"शिक्का नकोय, बाईसाहेब. मार्ग गेल्या वर्षीच बदलला. आता पलीकडच्या डोंगरातून बोगदा जाणार आहे. तुमच्या बागेचं पानही हलणार नाही."

"आणि हे बाबांना सांगितलं नाहीत?"

"कळलं त्याच दिवशी धावत येऊन सांगितलं. तर माझाच हात धरून म्हणाले, मुलीला कळू देऊ नका. येत राहा. वाद मिटला, तर ती कशाला येईल?"

फुसाए वडिलांच्या तसबिरीकडे वळली.

"बाबा," ती म्हणाली, "मी तरी कुठे भांडायला येत होते?"