आजीला घेऊन ये

आजी अजिबात वाद न घालता उठली आणि पलंगाखालची बॅग ओढू लागली.

नात दारातच उभी राहिली. असं काही होईल हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. होस्टेलवरून इथवर येताना तिने सगळी वाक्यं घोकून ठेवली होती. आजी आधी हसेल, मग चिडेल, मग विषय बदलेल आणि आपण तिला हळूहळू वळवू, असा तिचा हिशोब होता. पण आजीने तिचं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं, चहाचा कप विसळून पालथा घातला आणि बस किती वाजताची आहे एवढंच विचारलं. साडेपाचची, नात म्हणाली. अजून पावणेदोन तास होते.

नात कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती आणि तिला तिथे राहवत नव्हतं. हजेरीत आपलं नाव जवळ आलं की ती वहीत डोकं खुपसायची. मेसमध्ये कोणाशेजारी बसायचं या विचाराने ती जेवायलाच जायची नाही. गेले नऊ दिवस ती प्रयोगशाळेकडे फिरकली नव्हती. दहाव्या दिवशी काय कारण सांगायचं, या काळजीने आता झोपही उडाली होती. शेवटी तिने वडिलांना फोन केला. ते म्हणाले, ठीक आहे, ये परत. पण येताना आजीला घेऊन ये.

आजी याच शहरात राहत होती. रुग्णालयात नर्स म्हणून तिने उभी हयात काढली, मग सहा वर्षं मुलाकडे गुण्यागोविंदाने राहिली आणि सत्तरावा वाढदिवस झाल्यावर दुसऱ्याच दिवशी, आता मला जरा मोकळं फिरू द्या, असं सांगून बाहेर पडली. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची ही खोली तिने भाड्याने घेतली. रोज सकाळी पोहण्याच्या तलावावर जाऊन ती मोठ्या वयाच्या बायकांना पोहायला शिकवायची. गेल्या हिवाळ्यात ती न्हाणीघरात पडली आणि महिनाभर तिने कोणाला पत्ता लागू दिला नाही. तेव्हापासून वडिलांच्या जिवाला घोर लागला होता. आजी कोणाचंच ऐकत नसे. नातीचं मात्र ऐकेल, असं त्यांना वाटत होतं, आणि तेच खरं निघालं.

नात पलंगावर बसली, उठली, घड्याळ पाहून पुन्हा बसली. आजीने दोरीवरचे पोहण्याचे कपडे काढले. ते अजून ओलेच होते. तिने ते पिळून एका पिशवीत कोंबले. मग खिडकीतून वाकून खालच्या सायकलवाल्याला खोली सोडत असल्याचं सांगितलं. आजीची नेहमीची थट्टा समजून तो हसला. मग त्याचं हसू थांबलं.

"तुला जायचं नाहीये ना?" नातीने विचारलं.

आजी साडीची घडी घालत राहिली. "चिंतामणी, तू नऊ दिवस धड जेवली नाहीस. मला काय हवंय ते काय विचारत बसलीस?"

लहानपणापासून ती नातीला याच नावाने हाक मारायची. एरवी त्यात चेष्टा असायची. आज नव्हती.

मग आजीने फोन उचलला. तलावावर येणाऱ्या एका शिंपीणबाईला कळवायचं होतं. त्या बाईने पाण्यात कडेचा दांडा सोडायला पाच महिने घेतले होते आणि परवाच पहिल्यांदा चार हात मारले होते. उद्यापासून मी नाही, आजीने सांगितलं. पलीकडची बाई काहीतरी बोलत राहिली. आजी नुसतं हूं हूं करत होती.

"नाही हो, तुमचं काही चुकलं नाही," ती शेवटी म्हणाली. "सध्या दांडा धरूनच राहा. पुढे येईल कोणीतरी."

फोन ठेवून ती बॅगेची चेन ओढायला गेली. चेन अडकली. दोनदा ओढून पाहिल्यावर ती तशीच पलंगाच्या कडेवर टेकली आणि हात मांडीवर ठेवून भिंतीकडे बघत बसली. तासाभरापूर्वी दार उघडणारी बाई गाणं गुणगुणत आली होती. ही वेगळीच कोणीतरी होती. नातीने आजीला असं हातपाय गाळून बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. न्हाणीघरात पडली त्याचा किस्सासुद्धा आजीने तिला पोट धरून हसत सांगितला होता.

आजी उठली. चेन लागली नाही तरी चालेल, वरून दोरी बांधू, असं म्हणत ती दोरी शोधू लागली.

तेवढ्यात नातीचा फोन वाजला. वडील होते. पाचला दहा मिनिटं कमी होती. निघालात का, त्यांनी विचारलं. स्टँडवर घ्यायला येतो, आजीची खोलीही झाडून ठेवली आहे.

उद्याचा दिवस नातीच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. हजेरी, नंतर प्रयोगशाळा, नऊ दिवसांचं कारण विचारणारे सर. फोन तिने दोन्ही हातांनी धरला. समोर आजी दोरीचं भेंडोळं घेऊन उभी होती आणि आता मला दे, मी बोलते, अशी खूण करत होती. नातीने मान हलवून तिला नको म्हटलं.

"बाबा, आजी काही केल्या ऐकत नाहीये," ती म्हणाली. "आणि तिला इथे एकटीला सोडून मला नाही येता येणार."