चाटूनपुसून

घाटमाथ्यावरच्या थांब्याला एक खांब आणि एक पत्र्याची शेड, दुसरं काही नाही. बस तिथे दहा मिनिटं थांबते. तेवढ्यात कंडक्टरने मागच्या सीटवर बसून दाजींचा डबा उघडला आणि दोन्ही उकडलेली अंडी एकामागून एक तोंडात टाकली. मग भात, मग भाजी. शेवटी बोटंही चाटली.

दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा आणि याच बसचा ड्रायव्हर. बारा दिवस झाले, डबा दाजींचा आणि पोट मेव्हण्याचं, असं चाललं होतं. संध्याकाळी ताई डबा घासायला घेताना विचारायची, "आज खाल्लं ना रे यांनी?"

"चाटूनपुसून," तो सांगायचा. रिकामा डबा पाहून तिला बरं वाटायचं.

गळ दाजींनीच घातली होती. "तिला कळलं तर घर डोक्यावर घेईल. बारा दिवस सांभाळून घे." उद्या डेपोच्या डॉक्टरांपुढे काट्यावर उभं राहायचं होतं. सात किलो उतरवा, नाहीतर स्टिअरिंग विसरा आणि गाड्या धुवायला लागा, असं डॉक्टरांनी मागच्या खेपेला बजावलं होतं. म्हणून दाजींनी पन्नाशीत जन्मात पहिल्यांदा जिमची पायरी चढली.

त्या जिमचे मास्तर आज बसमध्ये चढले आणि नेमके कंडक्टरशेजारी येऊन टेकले.

"काय कंडक्टरसाहेब, शर्टाची बटणं रडायला लागली की! दाजींबरोबर तुम्हीही या."

"त्यांचं उतरतं ते जाणार कुठे? मलाच चढतंय."

"किती उतरलं त्यांचं?"

"आज सकाळी सात भरले."

मास्तरांचं हसू मावळलं. "सात? नव्या माणसाचे महिन्याला दोन-तीन उतरले तरी मी पाठ थोपटतो. पहिल्याच दिवशी सांगितलंय त्यांना. हलकी वजनं घ्या. एक दिवस व्यायाम, एक दिवस आराम. उपाशीपोटी यायचं नाही, आणि पाणी पीत राहायचं. पाणी पितात ना?"

कंडक्टरने पुढे पाहिलं. स्टिअरिंगशेजारच्या खाचेत बाटली होती. सकाळी ताईने गळ्यापर्यंत भरून दिली होती. अजून गळ्यापर्यंतच होती. पाण्यालाही वजन असतं रे, असं दाजी कालच म्हणाले होते. खाकी शर्टाच्या आत त्यांनी पोटाला प्लास्टिकचा कागद गुंडाळला होता, घाम निघावा म्हणून.

"पितात की," तो म्हणाला.

"मग ठीक. रोज दोन-दोन तास हटत नाहीत. मी पुरे म्हटलं की म्हणतात, पोटभर खातो मास्तर, बायको अंडी देते. म्हणून करू देतो मी. न खाता कोणी असं केलं तर उभ्याउभ्या कोसळेल."

कंडक्टरच्या तोंडात अंड्याची चव अजून होती. ती एकदम कडवट झाली.

"समजा, एखाद्याला अंधारी आलीच तर?"

"सोपं आहे. हातातलं वजन खाली ठेवायचं आणि जागच्या जागी बसून घ्यायचं."

दाजी बसलेलेच होते. मागे एक्केचाळीस माणसं होती.

कंडक्टर डबा हातात तसाच घेऊन पुढे गेला. दाजींचे ओठ पांढरे पडले होते. ते वळले तेव्हा शर्टाच्या आतला कागद चुरचुरला, पण कपाळावर घामाचा टिपूस नव्हता. कालपर्यंत धारा लागायच्या. त्यांनी गिअरकडे हात नेला; मूठ वीतभर अलीकडे मिटली, हवेत. दुसऱ्या खेपेला गिअर सापडला.

"दाजी, पाणी प्या."

"उद्या. काट्यावरून उतरलो की बादली तोंडाला लावतो."

"मग दोन घास तरी खा. हात जोडतो."

दाजींनी गिअरवरचा हात उचलून बघितला. मग हळूच म्हणाले, "दे. एक अंडं दे. एवढ्याशा अंड्याने काय होतंय. आज हात जरा ऐकत नाहीत बघ."

कंडक्टरने डबा छातीशी धरला. दाजींनी स्वतःच त्याच्या हातातून डबा घेतला आणि झाकण काढलं. आत बघून त्यांना हसू आलं.

"शाबास रे! चाटूनपुसून!"

कोणाकडे खायला काही आहे का, असं विचारायला कंडक्टर प्रवाशांकडे वळला. तिसऱ्या सीटवर डेपोचे तपासनीस होते. त्यांनी पेपरातून मान वर काढली.

"काय रे, गाडी का अडलीय? ड्रायव्हरची तब्येत बरी आहे ना?"

मागून मास्तरही बघत होते. दाजींनी डबा मेव्हण्याच्या हातात परत दिला आणि त्याची बोटं घट्ट दाबली. हात गार होता.

"बरी आहे साहेब," कंडक्टर म्हणाला.

"चल, बेल दे," दाजी म्हणाले. "पाऊण तासाचा तर उतार."

तो मागे गेला, डबा पायाशी ठेवला आणि दोरी दोनदा ओढली. बसने नाक खाली घातलं. त्याने दोरी सोडली नाही. एकदा ओढली की गाडी थांबते. पहिलं वळण येईपर्यंत तो हेच मनाशी घोकत राहिला. पायाजवळचा रिकामा डबा घसरला आणि सीटांखालून खडखडत, एकेकाच्या पायाला लागत, पुढे दाजींकडे निघाला.