कोमट तेल

मल्लखांबाचा सराव संपवून आलेल्या रेणुकानं घामट टी-शर्ट बदलला, पाय धुऊन कोरडे केले आणि आईपुढे पसरले. पोटऱ्यांवर पुन्हा लाल चट्टे उठले होते.

“उद्या गपचूप कातडी बदलून घे,” वाटीतलं कोमट खोबरेल हातावर घेत आई म्हणाली. “अख्ख्या आळीनं कारखान्यातली बसवून घेतलीय. घाम नाही, पुरळ नाही, खरचटणं नाही. तुझाच कसला हट्ट?”

“माझी कातडी आहे, मी सांभाळीन. रोज धुवीन, रोज तेल लावीन. बदलणार मात्र नाही!”

आई चिडून तेल चोळू लागली. मग तिचे नवे, गुळगुळीत हात थांबले.

“तेल फार गरम नाही ना गं?”

“बघ,” रेणुका म्हणाली, “हे तुला मला विचारावं लागतंय. म्हणूनच नाही बदलणार.”