पाळण्याचा खांब

जामसंड्यातला गुणाजी मेस्त्री वीस वर्षं एकाच वेगाच्या लेथवर लाकूड कातत आला होता. पण लेकीच्या बाळासाठी करायचे पाळण्याचे लांब खांब त्या वेगावर थरथरत. म्हणून त्याने वेग कमीजास्त करणारी मोटर बसवून घेतली.

सकाळी फणसाचं लाकूड चढवून त्याने बटण अगदी कमीवर आणलं आणि पटाशी टेकवली. भुसा उडालाच नाही. कोमट, ओलसर सोलपटं निघू लागली. जखमेची जुनी पट्टी सोडल्यावर येतो तसा वास सुटला.

चहा घेऊन आलेल्या बायकोने, प्रेमलताने, पदर नाकाला लावला. “अवो, ह्यो कसलो वास?”

“फणसाचो चीक आसतलो.”

“फणसाक असो वास येता?”

त्याने वेग वाढवला. लगेच कोरडा, पिवळा भुसा उडू लागला. कमी केला, तर पुन्हा तीच सोलपटं, आणि आता त्यांच्यावर बारीक लव होती. त्याने मोटर बंद करून वायर उपटली.

एक सोलपट त्याच्या मनगटाला चिकटलं होतं. झटकलं, घासलं, तरी निघेना. शेवटी प्रेमलताने तोंड फिरवून त्याचं टोक चिमटीत धरलं आणि जोरात ओढलं.

गुणाजीला काहीच झालं नाही. लेथवरचा खांब मात्र कळ आल्यासारखा आखडला.