वळणावरचे रूळ

डांबर अजून ओलं होतं. जयदेवनं रुळावर घासलेलं बोट नाकाशी नेलं.

"काका, चांगल्या रुळांना डांबर कशाला?"

"गंज चढू नये म्हणून." बाबूराव त्याच्याकडे न बघता लॉरीतून माल उतरवून घेत होता.

पंच्याहत्तर सालच्या सिक्लोननं, त्या चक्रीवादळानं, ग्रां बुआ गावाच्या वरचा रूळमार्ग दरीत नेला होता. मार्ग पुन्हा उभा राहिला नाही, तर डोंगरावरचा ऊस लॉऱ्यांनी कारखान्यात जाणार होता. उसानं भरलेले डबे उतारावरून खाली आणायचं काम जयदेवचं. मधल्या वळणावर रूळ तुटला, तर त्याच्या हातातला ब्रेक काही कामाचा नव्हता.

आणि रूळ पुरवणारा हा बाबूराव, प्लेन दे पपाय गावचा भंगारवाला.

आधीचा माल त्यानं परवाच आणला होता. कारखान्याचा इंजिनियर इंद्रजीत यानं तो तपासून पासही केला होता. मग बाबूरावनं सहज विचारलं होतं, "ब्रेकवर कोण असतं रे?"

"मीच की."

"घरी कोण कोण?"

"बायको, हिरा. सातवा महिना लागलाय तिला."

बाबूरावनं उतरवलेल्या रुळांकडे वळून पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी तो सगळा माल लॉरीत भरून परत घेऊन गेला, आणि आज हा डांबर फासलेला घेऊन आला.

"पास झालेला माल नेलात कशाला?" जयदेवनं विचारलं.

"दुसऱ्याचा होता. चुकून आला."

"मग इंजिनियरसाहेबांना सांगतो, मिस्ये इंद्रजीतना."

"त्यांना कशाला त्रास?" बाबूराव पटकन म्हणाला.

घरी हिरानं हे ऐकलं आणि हातातलं काम टाकलं. "तू नको बसूस त्या डब्यावर."

रूळ बसवून झाल्यावर जयदेव इंद्रजीतच्या ऑफिसात गेला.

"मिस्ये, ते रूळ..."

"एकेक रूळ मी स्वतः ठोकून बघितलाय. सगळं कोरेक आहे, कुठे खोट नाही."

"पण बाबूरावकाकांनी..."

"जयदेव, माझ्यावर भरवसा नाही तुझा?" इंद्रजीतनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. जयदेवला ओशाळल्यासारखं झालं. तो तसाच परत फिरला.

पहिली फेरी निघायच्या वेळी बाबूराव न बोलावता आला आणि डब्यावर जयदेवच्या शेजारी चढून बसला.

"तुम्ही कशाला?"

"असंच."

डबे सुटले. वळण आलं तशी चाकं किंचाळली. जयदेवनं सगळा भार ब्रेकवर टाकला. बाबूरावनं फळी घट्ट धरून डोळे मिटले होते. डबे कलले, सावरले, पुढे गेले. रूळ जागचे हलले नाहीत.

खाली माणसांनी टाळ्या वाजवल्या. बाबूराव चेहरा पुसत उतरला आणि आपल्या लॉरीकडे चालू लागला. आपण उगाच संशय घेतला, असं जयदेवला वाटलं. आनंदाची बातमी द्यायला तो धावतच इंद्रजीतकडे गेला.

दार अर्धवट उघडं होतं. इंद्रजीत पाठमोरा उभा राहून फोनवर दबक्या आवाजात बोलत होता.

"नाही, लॉऱ्या इतक्यात घेऊ नकोस. मार्ग काही बंद पडत नाही आता. बाबूरावनं फसवलं आपल्याला. डांबर फासून चांगले रूळ दिले."