एका दसऱ्यापुरता राजा

"पाय ओढू नको, टेकव," पलंगावरून भिमाजीराजे म्हणाले. "डावा. जरा ठसक्यात. पार मागच्या माणसाला दिसलं पायजे."

चिमाजीनं डावा पाय टेकवला. तमाशात त्यानं राजाची कामं पुष्कळ केली होती. पण खऱ्या राजासमोर राजा होऊन चालायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

राज्य आता कसलं! मढ गावाच्या वरच्या अंगाला मूठभर उंबरे, भाताची खाचरं आणि देवराई. पण दसऱ्याला देवराईतल्या आपट्याचं पहिलं पान राजानं तोडायचं आणि वर्षभर देवराईवर त्याचाच शब्द चालायचा, हा रिवाज वाडीनं सोडला नव्हता. राजा आला नाही, तर मान चुलतभावाचा. चुलतभाऊ सावळेराम चाकणला असायचा, आणि देवराई त्यानं एका रिसॉर्टवाल्याला कबूलही करून टाकली होती. त्यात राजांना छातीच्या दुखण्यानं धरलं. चार पावलं टाकली की धाप लागायची.

म्हणून राजांच्या पत्नी जयाबाई स्वतः जीप घेऊन नारायणगावला तमाशाच्या फडावर आल्या. चिमाजीला उभं करून खालून वर पाहिलं. "उंची बराबर हाय. बाकी बसवता येतं. एका दसऱ्यापुरतं चला."

बाकी अवघड नव्हतंच. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून राजे काळ्या गॉगलशिवाय बाहेर पडत नसत. वर फेटा, खाली भरघोस मिशी. फड दसऱ्यानंतर निघणार होता. चिमाजी जीपमध्ये बसला.

"सावळेरामनं जुनं काय काढलं तर?" त्यानं विचारलं.

"उत्तर द्यायचं न्हाई. त्याच्याकडं बघायचं अन् हसायचं. राजाला उत्तर द्यावं लागत न्हाई."

चिमाजीनं मनातल्या मनात दाद दिली. असली ऐट रक्तातच असावी लागते.

जयाबाईंनी चहा आणला. दोन्ही कप स्टुलावर ठेवून त्या भिंतीपाशी उभ्या राहिल्या.

"बाई, ह्याचा फेटा जरा खाली घ्या," राजे म्हणाले.

राजघराण्यात नवराही बायकोला अहो-जाहो करतो, हे चिमाजीनं ध्यानात ठेवलं.

दसऱ्याला देवराईत ढोल घुमत होता. चिमाजी डावा पाय टेकवत आपट्यापाशी पोचला आणि सावळेराम मोबाईल रोखून आडवा आला.

"दादा, ह्या झाडाखाली लहानपणी आपण काय पुरलं व्हतं? सांगा की. लोकांनाबी कळू द्या."

ढोल थांबला. इथं चिमाजी पकडला गेला, तर त्याची हाडं मोडतीलच, पण देवराईही जाईल. त्यानं सावळेरामकडे पाहिलं. सावकाश. आणि हसला.

"आरं, राजाची परीक्षा घेतुयास व्हय रं?" गर्दीतून म्हातारी साळुबाई कडाडली. "चाकणला गेल्यापासनं लई शाना झालास!"

हशा पिकला. मोबाईल खाली आला. चिमाजीनं पान तोडलं आणि सावळेरामच्या हातावर ठेवलं. "सोनं घे. सोन्यासारखा ऱ्हा. अन् देवराईला कुणी हात लावायचा न्हाई."

हे मात्र पार मागच्या माणसाला ऐकू गेलं.

दिवेलागणीला तो फेटा परत करायला खोलीत गेला. पलंगावरची गादी गुंडाळलेली होती. राजे कडेला बसले होते. मिशी साफ उतरवलेली, पायाशी कापडी पिशवी. बाहेर जीप सुरू झाल्याचा आवाज आला. भिंतीला धरून ते उठले.

चिमाजीनं फेटा पुढे केला. त्यांनी तो घेतला आणि पुन्हा त्याच्याच डोक्यावर नीट बसवला.

"राजे, उद्या माझा फड निघतोय," चिमाजी म्हणाला.

"माझाबी निघणार व्हता," त्यांनी पिशवी उचलली. "बाईंनी मलाबी एका दसऱ्यापुरतंच आणलं व्हतं."