टोकनमधलं दुसरं नाव

फिनलंडमधल्या टाम्परे शहरातल्या पाळणाघरांचं ॲप आमची कंपनी चालवते. परवा दुपारी काही पालकांना लॉग-इन होईना, म्हणून मी माझंच टोकन उलगडून पाहिलं. टोकन म्हणजे लॉग-इन केल्यावर ॲपकडून मिळणारी अक्षरांची लांबलचक माळ. ती उलगडली की पालक कोण, मुलं कोणती, सगळं वाचता येतं.

मुलं: ओत्सो, लुमी.

मला ओत्सो एकटाच आहे.

"चाचणीतलं नाव राहिलं असेल," शेजारच्या टेबलावरचा यार्को म्हणाला. "की आम्हाला न सांगता दुसरं मूल उरकलंस?"

"गप रे. टोकनवरची डिजिटल सही तपास."

त्यानं तपासली. "खरी आहे. मध्ये कोणी हात लावलेला नाही."

ओत्सोच्या वेळी, मुलगी झाली तर लुमी, असं मी मनात ठरवलं होतं. नवऱ्यालाही बोलले नव्हते.

मी पुन्हा लॉग-इन केलं. नव्या टोकनमध्येही तीच दोन नावं.

पाळणाघरात या वेळी इथल्या रीतीप्रमाणे बाळं बाहेर थंडीत, बाबागाडीत झोपवलेली असतात. मी तिथल्या तूलिक्कीला फोन लावला. "ओत्सो ठीक आहे ना?"

"अगं, गाढ झोपलेत दोघं," ती हळूच म्हणाली. "उद्या लुमीला जाड हातमोजे दे हं. झोपेतही ओत्सोचा हात सोडत नाही ती, आणि किती गार हात तिचे!"